भाजे-कार्ल्याचं उरलेलं लाकूड आणि आपल्याकडच्या सगळ्यात जुन्या खिडक्या

मावळतीर

लेण्यांवर इथे चांगले धागे आहेत, पण चर्चा बहुतेक शिल्पांची, शिलालेखांची, नाहीतर वाटेची. लाकडाबद्दल कुणी सविस्तर लिहिलेलं दिसलं नाही. भाजे आणि कार्ले इथल्या चैत्यगृहांच्या (स्तूप असलेल्या प्रार्थनेच्या दालनांच्या) छताला प्राचीन सागवान अजून आहे, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण ते उरलेलं लाकूड आणि जिथलं लाकूड गेलं तिथल्या खाचा, या दोन्ही गोष्टी एकत्र पाहिल्या की आपल्याकडची खिडकी मुळात कशी बांधली जायची, याचं बरंच नेमकं उत्तर मिळतं. ते मांडण्यासाठी हा धागा.

मळवली स्टेशनच्या एका अंगाला भाजे, दुसऱ्या अंगाला कार्ले, मध्ये इंद्रायणीचं खोरं. भाज्याचं चैत्यगृह इ.स.पूर्व दुसऱ्या शतकातलं, कार्ल्याचं इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपासचं. या दोघांच्या मधल्या काळात खिडकीचं काय झालं ते समोरासमोर पाहता येतं, तेही एका दिवसात. अशी सोय फार थोड्या ठिकाणी असेल.

भाज्याच्या चैत्यगृहासमोर (लेणं क्रमांक १२) उभं राहिलं की जाणवतं, याला पुढची भिंतच नाही. सुमारे ५९ फूट लांब आणि २७ फूट रुंद दालन समोरून सताड उघडं. वर मोठी नालाकृती कमान आणि तिच्याखाली थेट जमीन. आज बघणाऱ्याला वाटतं, ते असंच होतं. पण जमिनीत आणि बाजूच्या कातळात खाचा आहेत. त्यांत लाकडी खांब आणि आडव्या तुळया बसवलेल्या होत्या. खाली लाकडाची आडभिंत, तिच्यातच दारं, आणि वर कमानीच्या पोटात लाकडी चौकट. पूर्ण दर्शनी भागच सुतारकाम होता. ते लाकूड गेलं आणि खाचा राहिल्या.

आता कार्ल्याला या. चैत्यगृह १२४ फूट लांब, साडेपंचेचाळीस फूट रुंद, उंची ४५ फुटांच्या वर. भारतातलं सगळ्यात मोठं कोरीव चैत्यगृह. इथे खालची आडभिंत लाकडाची राहिली नाही, ती दगडात आली. तिच्यात तीन दारं: एक मधल्या दालनात जाणारं, दोन बाजूच्या पडव्यांमध्ये. दारांच्या वर सज्जा आणि सज्जाच्या वर दालनाचं अख्खं टोक उघडं, तीच मोठी खिडकी. आणि या खिडकीच्या दगडी कमानीच्या आत लाकडाची कमान अजून उभी आहे. दगडाच्या कमानीला तिचा आधार नाही, तिलाही दगडाचं ओझं नाही. ती स्वतंत्र चौकट आहे, नंतर आणून बसवलेली.

बहुतेक लोक सिंहस्तंभ पाहतात, दारांमधली मिथुनं पाहतात, आत जाऊन खांबांवरचे हत्ती पाहतात आणि निघतात. सज्जाच्या वर मान करून त्या लाकडी कमानीकडे पाहणारे थोडे. मला विचाराल तर कार्ल्यात सगळ्यात मौल्यवान तेच आहे.

माझं म्हणणं एवढंच की आपल्याकडची सुरुवातीची मोठी खिडकी ही भिंतीत पाडलेलं भोक नव्हती. ती छपराचं उघडं टोक होती. अर्धगोल छपराचं घर डोळ्यांसमोर आणा. वाकवलेल्या बरगड्या एकामागे एक उभ्या, त्यांना लांबीच्या दिशेने जोडणारे वासे. अशा घराच्या पुढच्या टोकाला भिंत नसते, असते ती शेवटची बरगडी. तिच्या आत जेवढी जागा उरते तीच खिडकी. मग ऊन-वारा-पाऊस अडवायला त्या जागेत चौकट बसवायची, खाली दार ठेवायचं. चैत्यकमानीच्या पोटातून ओळीने चौकोनी ठोकळे बाहेर डोकावताना दिसतात ना, ती त्या वाशांची टोकं आहेत. दगडात त्यांना काही काम नाही. लाकडात ती छपराचा भाग होती म्हणून दगडात कोरली.

खाचा, डोकावणारी टोकं आणि कार्ल्याची उभी चौकट, हे तीन पुरावे एकमेकांना जोडून पाहावेत असं मला वाटतं. तुमची निरीक्षणं असतील तर जरूर लिहा.

रमा_ठाणे

फार आवडलं. एक शंका. हे लाकूड खरंच मूळचं कशावरून? आपल्याकडच्या पावसात घराचे वासे पन्नास वर्षांत कुजतात. दोन हजार वर्षं टिकलं यावर विश्वास बसायला जरा जड जातं.

मावळतीर

रमाताई, शंका रास्त आहे. भाज्याच्या बाबतीत उत्तर लाकडावरच लिहिलेलं आहे. छताच्या लाकडांवर ब्राह्मी अक्षरं कोरलेली सापडली. पुरातत्त्व खात्याचे म. न. देशपांडे यांनी १९५०च्या दशकात ती प्रकाशात आणली. अक्षरांचं वळण लेणं खोदलं गेलं त्या काळाचंच आहे. नंतर कुणी लाकूड बदललं असतं तर त्यावर इतकी जुनी अक्षरं आली नसती.

कार्ल्याच्या खिडकीतल्या चौकटीबद्दल एकोणिसाव्या शतकात जेम्स फर्ग्युसनने एक मुद्दा मांडला होता, तो मला अजूनही पटतो. समजा ती चौकट मध्ये कधी बदलली असेल, तरी ती मूळ रूपाची बिनचूक नक्कल असणार. कारण तोच आकार त्याच लेण्याच्या दर्शनी भिंतीवर, दारांवर, कोनाड्यांवर दगडात पुन्हा पुन्हा कोरलेला आहे. दगडातल्या नकला लाकडाची साक्ष देतात.

टिकण्याचं म्हणाल तर सागात नैसर्गिक तेल असतं, वाळवी सहसा लागत नाही. शिवाय ही लाकडं जमिनीला टेकलेली नाहीत आणि त्यांच्या डोक्यावर अखंड डोंगर आहे. घराचा वासा कुजतो तो बहुतेक कौल सरकून पाणी मुरलं किंवा भिंतीतली ओल चढली म्हणून. इथे दोन्ही नाही.

वासे_तुळया

आमचं घराणं सुतारांचं, रत्नागिरीकडचं. आजोबांच्या हाताखाली मी वाकस आणि किकरं धरायला शिकलो, त्यामुळे या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

जाड सागाची बरगडी एका तुकड्यात वाकवणं फार कठीण. साग सरळ धाग्याचं लाकूड, पण जाडी वाढली की वाकताना फाटतं. अशा वेळी सुतारापुढे दोन वाटा असतात. एक, फळीतूनच वाकडे तुकडे कापायचे आणि टोकाला टोक जोडत कमान पूर्ण करायची. दुसरी, पातळ फळ्या वाकवून थरावर थर बसवायचे. दुसऱ्या पद्धतीचं चित्र पाहायचं असेल तर बिहारमधल्या बराबर टेकड्यांतली लोमश ऋषी गुंफा बघा. मौर्यकाळातली. तिच्या दारावर कोरलेली कमान म्हणजे एका लाकडी घराचं टोकच आहे: दोन बाजूंचे आत झुकलेले खांब, त्यांवर एकावर एक बसलेल्या वाकवलेल्या फळ्यांचे थर, खाली वाशांची टोकं, मग जाळीची पट्टी आणि हत्तींची रांग. ज्याने ते कोरलं त्याने सुताराचं काम जवळून पाहिलं होतं, किंवा तो स्वतःच सुतार होता. फळ्यांचे थर वेगवेगळे दाखवायची दगडाला काहीच गरज नाही. त्याने ते दाखवले, कारण घर तसंच बांधतात हे त्याला माहीत होतं.

आणखी एक. सांचीच्या स्तूपाभोवतीचा दगडी कठडा पाहिलात तर उभ्या खांबांना दोन्ही बाजूंनी खाचा आहेत आणि आडव्या पट्ट्यांची टोकं त्यांत सरकवलेली आहेत. हा शुद्ध सुतारी जोड आहे. दगडाचा गवंडी स्वतःच्या बुद्धीने असा जोड करणार नाही, त्याला रचून ठेवणं सोपं असतं. म्हणजे चौकट बनवायची, खाच पाडायची, त्यात टोक बसवायचं, हे ज्ञान त्या काळात किती पक्कं होतं ते बघा. भाज्याच्या जमिनीतल्या खाचाही मी त्याच नजरेने पाहतो. खांब आधी खालच्या खाचेत उभा करून वरच्या तुळईत अडकवायचा म्हटलं तर किती उंच उचलावा लागेल, हे खाचेच्या खोलीवरून कळतं. कामाचा क्रम खाचेत लिहिलेला असतो.

लिपिका

वासे_तुळया यांनी ‘तो स्वतःच सुतार होता’ असं लिहिलंय, त्याला कार्ल्यात लेखी आधार आहे! चैत्यगृहाच्या दाराजवळच्या एका लेखात धेनुकाकट गावचा सुतार सामि, वेणुवासाचा मुलगा, याने ‘घराचं मुख’ केल्याचा उल्लेख आहे. लेखात त्याचा धंदा ‘वढकि’ असाच नोंदवलाय. दुसऱ्या एका लेखात त्याच गावच्या सिंहदत्त नावाच्या गंधी व्यापाऱ्याने घरमुख दान दिल्याचं आलंय.

दगडी लेण्याचं तोंड घडवणाऱ्याची ओळख सुतार म्हणून दिली जाते, यात मला या धाग्याचा सगळा विषय दिसतो. कातळ फोडणारे वेगळे असतील, पण दर्शनी भाग कसा असावा, दार कुठे, खिडकी कुठे, हे ठरवणारी नजर लाकूडकामाची होती.

दानाचे लेखही यासाठी महत्त्वाचे आहेत. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचा प्रसिद्ध लेख सगळ्यांना माहीत असतो: ‘सेलघरं परिनिठपितं जंबुदिपम्हि उतमं’. जंबुद्वीपातलं उत्तम शैलगृह पूर्ण केलं, असं तो म्हणतो. ‘शैलगृह’ म्हणजे शिळेचं घर. त्यांच्या मनात हे घरच होतं, आणि घर म्हटलं की लाकडाचं.

प्रश्नांकित

थोडा विरोधी सूर लावतो, राग मानू नये. दगड लाकडाची नक्कल करतो हे आता इतकं गृहीत धरलं जातं की उलट बाजू कुणी तपासत नाही. कशावरून ही कमान दगडातच सुचलेली नाही? लाकूड नंतर शोभेसाठी लावलं असेल. आणि तुम्ही म्हणता तसं अर्धगोल छपराचं लाकडी घर तर एकही शिल्लक नाही.

मावळतीर

राग कसला, हाच प्रश्न यायला हवा होता.

उलट बाजू तपासायला भाज्याचे खांब पुरेसे आहेत. आत २७ अष्टकोनी खांब आहेत आणि ते सरळ उभे नाहीत, आतल्या बाजूला झुकलेले आहेत. डोळ्यांना स्पष्ट दिसेल इतके. कातळात खोदताना खांब तिरपा ठेवणं हे जास्तीचं काम आहे आणि त्याचा फायदा शून्य, कारण वरचं छत डोंगराचं आहे, ते कुणाला ढकलत नाही. लाकडी घरात मात्र अर्धगोल छप्पर आपल्या वजनाने खांबांना बाहेर रेटतं. ते उलटू नयेत म्हणून त्यांना आधीच आत झुकवून उभं करतात. म्हणजे भाज्याच्या कारागिरांनी लाकडी घराची अडचण आणि तिच्यावरचा उपाय, दोन्ही जसेच्या तसे कातळात आणले. कार्ल्याला येईतो खांब सरळ झाले. सुमारे दोनशे वर्षांत दगडाला लाकडाची भीती राहिली नाही, असं म्हणू.

छताच्या बरगड्यांचंही तेच. त्या काही पेलत नाहीत. काढल्या तरी छत पडणार नाही. तरीही इतकं सागवान डोंगरावर चढवून, वाकवून, कापून, उंचावर बसवलं. शोभा हा शब्द मला इथे अपुरा वाटतो. त्यांच्या दृष्टीने बरगड्यांशिवाय ते घर घर होत नव्हतं.

घर शिल्लक नाही हे खरं. पण निलगिरीतल्या तोडा लोकांच्या पारंपरिक झोपड्या आजही अर्धगोल छपराच्या आहेत, बांबू आणि वेताच्या. पुढचं टोक फळ्यांनी बंद केलेलं, तळाशी अगदी लहान दार. त्या झोपड्या लेण्यांच्या पूर्वज आहेत असं मी म्हणत नाही. पण अशा छपराचं टोक वेगळ्या सामानाने भरावं लागतं, ही बांधकामाची गरज तिथे आजही दिसते. शिवाय भारहूत आणि सांचीच्या शिल्पपटांत नगरं दाखवली आहेत, त्यांत याच आकाराची छपरं आहेत आणि त्यांच्या टोकाला याच आकाराच्या खिडक्या.

प्रश्नांकित

तिरप्या खांबांचा मुद्दा मान्य. तो मी या दृष्टीने पाहिला नव्हता. मग पुढचा प्रश्न: भाज्याची पुढची चौकट पूर्ण गेली आणि कार्ल्याची टिकली, असं का? वय हे एकच कारण मानायचं का?

मावळतीर

वय नव्हे, पाऊस. भाज्याच्या आतल्या बरगड्या कार्ल्यापेक्षा जुन्या असूनही टिकल्या, हे लक्षात घ्या. भाज्याची कमान थेट उघड्यावर आहे. लोणावळ्याकडचा पाऊस पश्चिमेकडून येतो आणि लेणंही पश्चिमेकडेच तोंड करून आहे. पुढच्या चौकटीने दर पावसाळ्यात चार महिने झड सोसली. आत ती झड पोचत नाही.

कार्ल्याचं तोंडही पश्चिमेलाच, पण तिथे खिडकीच्या पुढे मोठी ओसरी आहे आणि ओसरीच्या पुढे आणखी एक दगडी आडभिंत: दोन जाड अष्टकोनी खांब आणि वर कातळाचा सपाट पट्टा. गंमत अशी की तो पट्टा आज सपाट दिसतो, पण मुळात त्याच्यापुढेही लाकडी सज्जा होता. तो बाहेरचा सज्जा पावसाने नेला, आतल्या खिडकीची चौकट ओसरीने वाचवली. एकाच लेण्यात, एकाच काळातलं लाकूड, एक गेलं आणि एक राहिलं, फक्त पंधराएक फुटांच्या आडोशामुळे.

मला वाटतं कार्ल्याच्या कारागिरांनाही हे माहीत होतं. जुन्या लेण्यांतलं लाकूड सडताना त्यांनी पाहिलेलं असणार. म्हणूनच खालची आडभिंत, जिच्यावर पाणी सर्वाधिक उडतं, ती आधी दगडात आली. लाकूड खालून वर मागे सरकत गेलं. अजिंठ्याच्या १० क्रमांकाच्या लेण्यात बाजूच्या पडव्यांच्या बरगड्या दगडात कोरल्यात आणि मधल्या दालनाला लाकडाच्या होत्या, त्या गेल्या. पाचव्या शतकातल्या १९ क्रमांकाच्या लेण्यात सगळ्या बरगड्या दगडी आहेत. वेरूळच्या १० क्रमांकाला तर लाकडाचा तुकडाही लागला नाही, तरी आतल्या दगडी बरगड्या इतक्या लाकडासारख्या की आसपासचे लोक त्याला ‘सुतार का झोपडा’ म्हणतात. तिथे खिडकी लहान झाली, तिचा आकारही बदलला. पुढे तर हीच खिडकी देवळांच्या शिखरांवर शेकड्यांनी कोरली गेली, नक्षी म्हणून, आरपार न उघडता.

साता_समुद्रापार

मी इंग्लंडमध्ये, ससेक्समध्ये राहते. इथे सिंगलटन गावी जुन्या लाकडी घरांचं उघड्यावरचं संग्रहालय आहे. त्यातलं बेलीफ नावाचं शेतकऱ्याचं घर पंधराव्या शतकातलं. मुळात केंट परगण्यातलं, तिथे जलाशय होणार होता म्हणून उकलून इथे पुन्हा उभं केलंय. त्याच्या खिडक्यांना काच नाही. चौकोनी लाकडी गज कोन पुढे करून उभे बसवलेले आणि आतून लाकडी झडपा.

तुमचा खाचांचा मुद्दा वाचून आठवलं, इथेही जुन्या खिडक्या खाचांवरूनच ओळखतात. नंतरच्या काळात भिंत भरून खिडकी बुजवलेली असते, गज काढून टाकलेले असतात. पण वरच्या तुळईच्या खालच्या अंगाला शंकरपाळ्याच्या आकाराच्या खाचांची रांग राहते. ती दिसली की इथे खिडकी होती, किती रुंद होती, किती गज होते, सगळं सांगता येतं. झडप सरकवायची असेल तर तिची लांब चर तुळईत राहते. शेतकऱ्याच्या घरात काच यायला इथे सोळावं शतक उलटावं लागलं.

फरक मात्र मोठा आहे. इथली खिडकी भिंतीच्या सांगाड्यातली, दोन खांबांमधल्या मोकळ्या जागेतली. तुम्ही म्हणता ती छपराच्या टोकाची. देश आणि काळ तर वेगळे आहेतच, पण घराचा सांगाडाच वेगळा असल्यामुळे खिडकीचा जन्मही वेगळ्या ठिकाणी झाला असं दिसतं.

वासे_तुळया

ताई, ही माहिती अमूल्य. गज कोन पुढे करून बसवण्यात शहाणपण आहे. उजेड दोन्ही अंगांनी घसरत आत येतो. आपल्या वाड्यांच्या गजाच्या खिडक्यांतही उभे गज आडव्या पट्टीतून आरपार ओवलेले असतात. चौकट उकलल्याशिवाय एकही गज बाहेर येत नाही. पुण्याच्या विश्रामबागवाड्याचं (१८०७) दर्शनी लाकूडकाम पाहताना लोक सुरूच्या आकाराचे खांब पाहतात, मी जोड पाहत बसतो.

मांडवीकाठ

गोव्याहून. आमच्या जुन्या घरांच्या शिंपल्यांच्या खिडक्या इथे आणाव्याशा वाटतात, फार नंतरच्या असल्या तरी. लाकडी पट्ट्यांच्या जाळीत चरी पाडून त्यांत तासलेले, चपटे, दुधी रंगाचे शिंपले सरकवलेले असतात. काच महाग आणि दुर्मीळ होती तेव्हा हा उपाय. आता कित्येक घरांत शिंपले निखळलेत आणि रिकामी जाळी उरलीय. घर दुरुस्त करणारे ती जाळी काढून टाकतात, ‘काही उपयोगाची नाही’ म्हणून. पण त्या पट्ट्यांमधल्या चरीची रुंदी आणि दोन पट्ट्यांमधलं अंतर मोजलं तर शिंपला किती जाडीचा, किती मोठा तासायचे ते कळतं. ज्यांच्याकडे अशी रिकामी चौकट असेल त्यांनी कृपा करून ती फेकू नये. निदान मापं घ्या, जवळून फोटो काढून ठेवा.

मावळतीर

मांडवीकाठ, शंभर टक्के सहमत. रिकामी चौकट हा पुरावा आहे. भाज्यातही लोक खाचांमध्ये पाण्याच्या बाटल्या, वेष्टनं कोंबतात तेव्हा जीव तुटतो. मूर्ती विद्रूप झाली तर बातमी तरी होते. खाच बुजली, तिच्या कडा झिजल्या, तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

रमा_ठाणे

पुढच्या महिन्यात मुलांना घेऊन भाजे-कार्ल्याला जायचं ठरतंय. काय काय दाखवू? आणि आधी कुठे जावं?

लिपिका

आधी भाजे, मग कार्ले. काळाचा क्रमही तोच. भाज्याला सकाळी जा, कार्ल्याला दुपारनंतर. पश्चिमेचं ऊन खिडकीतून आत येतं तेव्हा तो उजेड कुठे पडतो ते मुलांना स्वतः शोधू द्या. सगळा उजेड त्या एकाच खिडकीतून येतो आणि स्तूपावर जातो, बाजूच्या पडव्या अंधारात राहतात. एकवीरेच्या यात्रेचे दिवस आणि रविवार टाळा, कार्ल्याला फार गर्दी असते.

मावळतीर

भाज्यात मुलांना आत नेण्याआधी बाहेरच थांबवा आणि सांगा, इथे भिंत होती, ती कुठे बसवली असेल ते शोधा. खाचा ती शोधतीलच. कमानीच्या दर्शनी कडेची लहान भोकं दाखवा, लाकडी काम दगडाला जोडायच्या खुंट्यांची. मग वर, कमानीच्या दोन्ही बाजूंना कातळात कोरलेले छोटे सज्जे आणि खिडक्या दिसतील, त्यांना जाळ्या आहेत, एखाद्या ठिकाणी माणसंही. जे लाकूड गेलं त्याचं चित्र कारागिरांनी शेजारीच काढून ठेवलंय. पुढे दक्षिणेच्या टोकाला सूर्य आणि इंद्राची प्रसिद्ध शिल्पं असलेला विहार आहे. त्याच्या पुढच्या भिंतीत दगडातच कोरलेली जाळीदार खिडकी आहे, तीही चुकवू नका.

कार्ल्यात स्तूपावरची लाकडी छत्री आवर्जून दाखवा. तीही प्राचीन आहे, तिच्या खालच्या अंगाला नक्षी आहे. दुर्बीण असेल तर न्या. मोठ्या खिडकीची चौकट आतून, स्तूपाजवळून मागे वळून पाहिली की उजेडावर काळी उमटते आणि तिची रचना बाहेरून दिसते त्याहून जास्त नीट कळते.

अंधेरीकर

ज्यांना मावळात जाणं जमत नाही त्यांच्यासाठी: अंधेरी पूर्वेची कोंडिवटे म्हणजे महाकाली लेणी. तिथल्या चैत्यगृहात दालनाच्या शेवटी गोल झोपडीसारखी खोली कातळात कोरलीय, तिच्या आत स्तूप. खोलीच्या भिंतीत दाराच्या बाजूंना दगडी जाळीच्या खिडक्या आहेत. इथे कमान नाही, छपराचं टोकही नाही, भिंतीतलीच खिडकी आहे. मग मावळतीर यांचं म्हणणं या खिडकीला कसं लागू होईल?

मावळतीर

लागू होत नाही, आणि म्हणूनच ती महत्त्वाची आहे. गोल झोपडीच्या छपराला टोकच नसतं, तिची पावळी सगळीकडे सारखी खाली येते. तिथे उजेड घ्यायचा तर भिंतीतूनच, म्हणून कुडाच्या भिंतीत जाळी. बराबरच्या सुदामा गुंफेतही आत अशीच गोल खोली आहे. माझं म्हणणं आता जास्त नेमकं करून मांडतो: लांबट अर्धगोल छपराच्या घरात खिडकी छपराच्या टोकाला, गोल घरात भिंतीत. दोन्ही प्रकार एकाच काळात नांदत होते. कोंडिवट्याच्या जाळीचे जवळून काढलेले फोटो असतील तर इथे टाका. दगडी पट्ट्या एकमेकींवरून गेल्यासारख्या कोरल्यात की एकाच पातळीत आहेत, ते बघायचं आहे. एकमेकींवरून गेलेल्या असतील तर समोर विणलेला बांबू किंवा लाकडी पट्ट्या ठेवूनच ती कोरली असणार.

अंधेरीकर

शनिवारी जातो आणि टाकतो. मोजपट्टीही नेतो.